चेहऱ्याची भाषा वाचणारा शल्यविशारद

सकाळी चूळ भरताना पाणी तोंडात राहत नाही, ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळते. आरशात पाहावे तर चेहरा एका बाजूला ओढलेला आणि दुसऱ्या बाजूचा डोळा काही केल्या मिटत नाही. अर्धांगाचा झटका आला, या धास्तीने सारे घर हादरते. अनेकदा मात्र दोष मेंदूत नसतो, तर चेहऱ्याचे स्नायू हलविणाऱ्या मज्जातंतूत असतो. या विकाराला ज्यांचे नाव मिळाले, ते सर चार्ल्स बेल हे शल्यविशारद होते, तसेच कसलेले चित्रकारही होते.

बेल यांचा जन्म १७७४ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरोत एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ते पाच वर्षांचे होण्याच्या सुमारास वडिलांचे छत्र हरपले. आईने त्यांच्या चित्रकलेला उत्तेजन दिले. थोरले बंधू जॉन हे नामांकित शल्यविशारद होते. शरीररचनेचे धडे चार्ल्स यांनी त्यांच्याच हाताखाली गिरविले. परंतु स्थानिक वैद्यकवर्तुळातील वादामुळे दोघा भावांना तेथील रुग्णालयाची दारे बंद झाली आणि १८०४ मध्ये चार्ल्स यांनी लंडनची वाट धरली.

परक्या शहरात नाव नव्हते आणि पैसाही बेताचाच होता. १८०६ मध्ये त्यांनी चित्रकारांसाठी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. राग, भय, दुःख, हास्य या भावना चेहऱ्यावर उमटताना कोणते स्नायू काम करतात, याचे त्यात सचित्र विवेचन होते. पुढे १८७२ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी याच विषयावर लिहिताना बेल यांच्या कामाचा आधार घेतला. १८०९ मध्ये कोरुन्याच्या लढाईतून परतलेल्या आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावरील जखमी सैनिकांवर बेल यांनी शस्त्रक्रिया केल्या. त्या जखमींची त्यांनी काढलेली चित्रे आजही जतन केलेली आहेत.

त्या काळी चेहऱ्यातील असह्य कळांवर उपाय म्हणून शल्यविशारद चेहऱ्याचा मज्जातंतू कापत. कळा थांबत नसत, उलट रुग्णाचा चेहरा मात्र कायमचा लुळा पडे. बेल यांनी १८२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. चेहऱ्याच्या हालचालींचा एक मज्जातंतू वेगळा असून तो दुखावला तर तेवढ्याच बाजूचा चेहरा निकामी होतो, असे त्यात दाखविले होते. संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू निराळा होता. चुकीच्या शस्त्रक्रियेची निष्फळता त्यातून उघड झाली.

बेल यांची कीर्ती निष्कलंक राहिली नाही. त्यांच्या मांडणीतील काही चुका त्यांचेच माजी विद्यार्थी हर्बर्ट मेयो यांनी दुरुस्त केल्या. मज्जारज्जूतून निघणाऱ्या तंतूंपैकी हालचालीचे कोणते आणि संवेदनेचे कोणते, याचा स्पष्ट प्रायोगिक पुरावा फ्रान्सच्या माजांदी यांनी १८२२ मध्ये दिला, तेव्हा श्रेयाचा कडवा वाद पेटला. १८२४ मध्ये आपले निबंध पुन्हा छापताना बेल यांनी मजकुरात सोयीचे बदल केले, हेही नंतर उघड झाले. शिवाय, चेहऱ्याच्या या लकव्याची वर्णने त्यांच्यापूर्वीही झाली होती. पर्शियन वैद्य अल-राझी आणि १७९८ मध्ये जर्मनीचे फ्रीडरिख यांची नावे त्यात घेतली जातात. तरीही रोगाला नाव चिकटले ते बेल यांचेच.

आज डॉक्टर प्रथम कपाळ पाहतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात. त्यामुळे पक्षाघातात बहुधा कपाळावर आठ्या घालता येतात. बेल्स पाल्सीत मात्र त्या बाजूचे कपाळही हलत नाही. अर्थात हा निवाडा घरी करण्याचा नव्हे. चेहरा अचानक वाकडा झाला की तातडीने रुग्णालय गाठावे. हाता-पायातील अशक्तपणा किंवा बोलण्यातील अडखळ सोबत असेल, तर एक मिनिटही दवडू नये.

हा मज्जातंतू कानामागील हाडाच्या अरुंद बोगद्यातून जातो. त्याला सूज आली की तो तेथेच दबतो. नागिणीच्या जातकुळीतील विषाणूंचा त्यात हात असावा, असे मानले जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केल्यास बरे होण्याची शक्यता वाढते. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून दिवसा डोळ्यांत थेंब घालावेत, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने अलगद बंद ठेवावी. उपचारांविनाही दहापैकी सुमारे सात रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, तर अन्य कारणांचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

बेल यांना १८३१ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. १८३६ मध्ये ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून एडिंबरोला परतले. ज्या शहराने त्यांना एकेकाळी रुग्णालयाबाहेर ठेवले होते, तेथेच त्यांनी अखेरची वर्षे अध्यापनात घालविली. २८ एप्रिल १८४२ रोजी लंडनला जाताना वाटेत वूस्टरजवळ त्यांचे निधन झाले.