बंगळुरूतील सक्तीचा विसावा

बंगळुरू : वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९२७ मध्ये, महात्मा गांधी बंगळुरूच्या सरकारी दुग्धसंस्थेत गाईंची निगा आणि दुधाचे व्यवस्थापन शिकत होते. तेथील नोंदवहीत त्यांनी आपला व्यवसाय शेतकरी असा नोंदविला. मात्र या शहरात ते शिकण्यासाठी आलेले नव्हते. थकलेल्या शरीराने त्यांना येथे आणले होते.

त्या वर्षी मार्चअखेरीस खादीच्या दौऱ्यात कोल्हापूर येथे त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टरांनी अतिश्रमाचे निदान करून दौरा थांबविण्यास सांगितले. काही दिवस आंबोलीत, एप्रिलपासून नंदी टेकडीवर आणि जून ते ऑगस्ट बंगळुरूच्या कुमार पार्कमध्ये, असा त्यांचा मुक्काम झाला. ताण दीर्घकाळ टिकला की शरीरात ताणाची संप्रेरके वारंवार स्रवतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि पचनाची लयही बिघडू शकते, हे आज सर्वज्ञात आहे. त्या काळी मात्र उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषधच नव्हते. विश्रांती हाच उपाय होता आणि गांधीजींना नेमका तोच सर्वांत जड जाणारा होता.

पोटाने तर त्यांना त्याआधीच इशारा दिला होता. दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. संयमाची साधना आणि गाई-म्हशींवर होणारे क्रौर्य ही त्यामागची कारणे. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायपीट करताना शेंगदाणे आणि लिंबू यांवर त्यांचा निर्वाह चालला होता. तशातच एका सणाच्या दिवशी गोड लापशी व मूग खाल्ल्यानंतर त्यांना तीव्र आमांश झाला. औषध त्यांनी नाकारले. मृत्यू जवळ आल्याचे त्यांना वाटू लागले. माथेरानची हवाही मानवली नाही. मुंबईत मूळव्याधीवर उपचार करणाऱ्या डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर सावरणार नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा कस्तुरबांनी वाट सुचविली : व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या नव्हे.

गांधीजींनी ती स्वीकारली खरी, पण समाधानाने नव्हे. व्रताचे शब्द राखले, आशय मात्र मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत उघडपणे मांडली आहे. शेळीचे दूध हा त्यांच्या साधेपणाचा अलंकार मानला जातो. त्यांच्या लेखी ती तडजोड होती.

जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कारावासात असताना आंत्रपुच्छाचा दाह झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती सुरू असतानाच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले.

बंगळुरूच्या दुग्धसंस्थेतील धडे या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहेत. ज्या दुधाला नैतिक कारणांसाठी त्यांनी नाकारले, त्याच्या उत्पादनात क्रौर्य टाळता येईल का, हा त्यांचा प्रश्न उरला होता. विल्यम स्मिथ यांच्याकडून पशुपालनाची शास्त्रीय बाजू त्यांनी समजून घेतली. विश्रांतीच्या काळातही पत्रव्यवहार आणि लेखन चालूच होते. ऑगस्टअखेर बंगळुरू सोडले आणि दौरे पुन्हा सुरू झाले.

रक्तदाबाने पाठ सोडली नाही. १९३५ च्या अखेरीस वर्ध्यात प्रकृती पुन्हा कोसळली आणि मे १९३६ मध्ये गांधीजी विश्रांतीसाठी परत नंदी टेकडीवर आले.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत १९४२ मध्ये त्यांनी आरोग्यावर पुन्हा पुस्तक लिहिले. दूध सोडता आलेले नाही, हे त्यात त्यांनी मान्य केले; वनस्पतीजन्य पर्यायाची आशा मात्र सोडली नाही. शेळीच्या दुधाची वाट दाखविणाऱ्या कस्तुरबाही तेथेच स्थानबद्ध होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याच वास्तूत त्यांचे निधन झाले.