खाँसाहेब आणि घरातले स्पीकर



घरात पहिलीच स्टिरिओ घ्यायची, तर स्पीकर कोणते निवडावेत, असे पालक आम्हास विचारतात. आम्ही खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे गाणे लावून पाहण्यास सांगतो.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तरेत कैराना येथे झाला. तरुणपणी ते आपल्या जवळच्या बडोद्याच्या दरबारात गायक होते. पुढे मिरजेस स्थायिक झाले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. १९०५ च्या सुमारास त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. तेव्हा ध्वनिमुद्रणास मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यासमोर गायचे, तेही तीनेक मिनिटांत आटोपायचे! त्यांच्या ठुमरीची एक तबकडी दुकानात वाजताना गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी ऐकली आणि पुढे गाणे शिकण्यासाठी घर सोडले. १९३७ मध्ये पाँडिचेरीस जाताना सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.

दुकानदार बहुधा धमधमणारे गाणे लावतो, तिथे फसगत होते. खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा; जुन्या तबकडीत धमक नसतेच. त्यांचे गाणे लावून दोन्ही स्पीकरसमोर मधोमध बसावे. त्या काळी डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे मुद्रण नव्हते, म्हणून आवाज बरोबर मधूनच यायला हवा. विखुरला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या असतील. खरखर मात्र तबकडीची. तिचा दोष स्पीकरला देऊ नये.