इन्सुलिनची गोळी का नसते? डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांची गोष्ट

"डॉक्टर, सुईऐवजी इन्सुलिनची गोळी द्या ना!" ही विनंती मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. गोळी का देता येत नाही, याचे उत्तर डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांच्या आयुष्यात सापडते.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातील एका शेतकरी कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते आणि जखमीही झाले. परतल्यावर त्यांनी दवाखाना थाटला, पण तो फारसा चालेना. ऑक्टोबर १९२० मध्ये स्वादुपिंडावरील एक लेख वाचताना त्यांना नवी कल्पना सुचली.

स्वादुपिंडात दोन गोष्टी शेजारी-शेजारी तयार होतात: रक्तातील साखर कमी करणारे इन्सुलिन आणि प्रथिने पचवणारे एन्झाइम. इन्सुलिन हेदेखील एक छोटे प्रथिनच आहे. त्यामुळे ग्रंथी कुटून अर्क काढताना हे एन्झाइम इन्सुलिनचेच तुकडे करतात. आधीच्या अनेक प्रयोगांना अपयश येण्याचे हेच कारण असावे, असे बँटिंग यांना वाटले. एन्झाइम बनवणारा भाग आधी निकामी करावा, म्हणून त्यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाची नलिका बांधली. मे १९२१ मध्ये टोरंटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स बेस्ट या तरुण सहकाऱ्यासह काम सुरू झाले.

पण ही पद्धत वेळखाऊ होती. पुढे त्यांनी गुरांचे स्वादुपिंड थोडे आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये टाकून पाहिले. त्यात एन्झाइमचे काम थांबते, इन्सुलिन मात्र विरघळून टिकते.

११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. मधुमेहाने त्याचा अक्षरशः सापळा झाला होता. अर्क अशुद्ध असल्याने सुईच्या जागी गळू झाले आणि साखर थोडीच उतरली. मग जेम्स कॉलिप यांनी अल्कोहोलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवले. आधी नको असलेली प्रथिने खाली बसली, नंतर ९० टक्क्यांच्या आसपास इन्सुलिन वेगळे झाले. २३ जानेवारीपासून हा शुद्ध अर्क दिल्यावर लिओनार्डची साखर ५२० वरून १२० वर आली. तो पुढे १३ वर्षे जगला.

संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. फेब्रुवारी १९४१ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

आता गोळीचे उत्तर. इन्सुलिन गिळले, तर पोटातील आणि आतड्यातील एन्झाइम ते डाळीतल्या प्रथिनांसारखे पचवून टाकतात. म्हणून ते त्वचेखाली टोचावे लागते. सुईची भीती वाटत असेल, तर आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.