डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ

(बी. ए. भाग दोन)

महात्मा जोतीराव फुले म्हटले की १८४८ साली पुण्यात काढलेली मुलींची शाळा आठवते, १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो, 'शेतकऱ्याचा असूड' आठवतो. पण त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या सव्वादोन वर्षांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मला तर तीच वर्षे सर्वांत मोठी वाटतात.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. तरुणपणी लहुजी वस्तादांच्या तालमीत कसलेले शरीर. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मोठी सभा भरली आणि कष्टकरी जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने जन्मभर लेखणी चालवली, तोच हात गेला.

मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, म्हणजे असा झटका येतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. आज साडेचार तासांच्या आत रोगी दवाखान्यात पोहोचला, तर गुठळी विरघळवणारे औषध देता येते. १८८८ साली असे काहीच नव्हते. त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातील सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. घरात सावित्रीबाई होत्या. जोतीराव त्या दुखण्यातून वाचले, पण उजवा हात परत आला नाही.

तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. पैशाची ओढाताण होती. पुढे १८९० साली मामा परमानंदांना त्यांच्या कुटुंबाला मदत व्हावी म्हणून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना लिहावे लागले. अशा स्थितीत कोणीही अंथरूण धरले असते. जोतीरावांनी डाव्या हातात लेखणी धरली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ लिहायला घेतला. सर्व स्त्री-पुरुष एकाच निर्मिकाची लेकरे आहेत आणि एका घरात निरनिराळे धर्म मानणारी माणसेसुद्धा प्रेमाने राहू शकतात, असा विचार त्यांनी त्यात मांडला. १८८९ मध्ये त्यांनी तो पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनी १८९१ मध्ये तो छापून प्रसिद्ध केला.

आपल्या वऱ्हाडाचे जोतीरावांशी जुने नाते आहे. बुलढाणा जिल्ह्यातील पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली त्यांचे चरित्र लिहिले. माझे नाते मात्र घरच्या दुःखातून जुळले. गेल्या पोळ्याच्या आधी माझ्या वडिलांना वावरातच लकवा मारला. गावकऱ्यांनी गाडी करून अकोल्याला नेले. जीव वाचला, पण उजवा हात राहिला. बाबा शाळेत गेलेले नाहीत. प्रौढांच्या वर्गात ते फक्त सही शिकले होते आणि माझ्या कॉलेजच्या प्रवेश अर्जावर त्यांनी ती मोठ्या अभिमानाने केली होती. यंदाच्या अर्जावर पुन्हा अंगठा लावावा लागला, तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत.

त्या आठवड्यात मी ग्रंथालयातून जोतीरावांचे चरित्र आणले आणि रोज रात्री बाबांना वाचून दाखवले. डाव्या हाताचा प्रसंग त्यांनी दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान बहिणीची पाटी मागून घेतली.

दुखण्यातून उठणे म्हणजे पूर्वीसारखे होणे, असे मी समजत होतो. जोतीराव पूर्वीसारखे झाले नाहीत. जे उरले, त्याच्या बळावर त्यांनी राहिलेले काम पुरे केले. बाबांची अक्षरे अजून वेडीवाकडी येतात, कधी आईला पाटी धरावी लागते. पुढच्या वर्षीच्या अर्जाला अजून सहा महिने आहेत. तोपर्यंत सही जमेल, असे बाबा म्हणतात आणि माझाही त्यावर विश्वास आहे.