कंपनीच्या आधी आलेला इंग्रज, ज्याने मराठीत पुराण लिहिलं

ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. त्याच्या २१ वर्षं आधीच एक तरुण इंग्रज गोव्यात उतरला होता. व्यापारासाठी नाही, धर्मासाठी. नाव थॉमस स्टीफन्स.

तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं धोक्याचं होतं. स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट झाले. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघालेलं त्यांचं जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यात पोचलं. तेव्हा त्यांचं वय होतं साधारण तीस.

त्यांचं काम होतं साष्टीत. पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली होती. १५८३ मध्ये चिडलेल्या कुंकळ्ळीकरांनी पाच जेझुइटांना ठार केलं. पोर्तुगीजांनी बदला घेत गावच्या प्रमुखांना मारलं.

अशा ठिकाणी धर्म सांगायचा तर लोकांची भाषा हवी. स्टीफन्स कोंकणी आणि मराठी शिकले. कोंकणीचं व्याकरणही लिहिलं. ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली. ओव्या सुमारे ११ हजार! देवनागरी खिळे नसल्याने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं.

१६१९ मध्ये ते गोव्यातच वारले. १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी फर्मान काढलं: लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं.

पोर्तुगीज सत्ता गेली. 'ख्रिस्तपुराण' अजून वाचलं जातं.