शिकवणाऱ्यांनाच फील्डवर नेणाऱ्या ताराबाई

फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट मिळतं म्हणून तुम्ही वस्तीत जाता, सर्व्हे करता, चार फोटो काढता, रिपोर्ट सबमिट करता. पण तुमचे सर किंवा मॅडम त्या वस्तीत कितीदा येतात? आणि तिथं दिसलेलं काही त्यांच्या पुढच्या लेक्चरमध्ये उतरतं का? बहुतेक ठिकाणी नाहीच. कारण असं शिकवायचं कसं, हे त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकवणाऱ्या एक बाई आपल्याकडे होत्या, ताराबाई मोडक.

जन्म १८९२ चा, मुंबईतला. १९१४ मध्ये बी.ए. (त्या काळात मुलगी ग्रॅज्युएट!) पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल. म्हणजे शिक्षिका घडवायचंच काम, तेही मानाचं. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात लहान मुलांमध्ये जाऊन बसल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. पण हे सगळं शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांसाठी.

१९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि पहिलाच धडा मिळाला: गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. पालकांना नावं ठेवून मोकळं होता आलं असतं. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, घरांसमोरच्या अंगणात. म्हणून ती अंगणवाडी. बालसेविकेनं आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी मग. शिवाशिव पाळणाऱ्या गावात दलित वस्तीतल्या मुलाला न्हाऊ घालणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. मुलांच्या आधी शिकवणारीलाच बरंच काही सोडावं लागत होतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. वस्तीनं त्यांचं शिकवणंच बदललं. माँटेसरीची साधनं महाग, गावात परवडणार कशी? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं ही साधनं झाली. मोजणी त्यांवर, रंगओळख त्यांवर. बालसेविका तयार व्हायच्या त्याही इथेच, या मुलांसोबत काम करत.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी भागात आलं. तिथली मुलं गुरं चारायला जायची, शाळेत कुठून येणार? मग शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. हजेरी कमी म्हणून मुलाचं नाव काढण्याऐवजी शिक्षकानं गुरांमागे चालायचं!

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. तिच्या केंद्रांना देशभर आज अंगणवाडी म्हणतात.