विश्लेषण : अंबाजोगाईचा खोलेश्वर कोण होता? मुलाच्या नावाचं मंदिर बहिणीने का बांधलं?

अंबाजोगाईत खोलेश्वर हे नाव कॉलेजच्या पाटीवर दिसतं, जुन्या मंदिराच्या नावातही आहे. पण हा माणूस देव नव्हे, यादवांचा सेनापती होता.

कोणाच्या पदरी होता?

देवगिरीचा राजा सिंघण (दुसरा) याच्या. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघणाने यादवांचं राज्य सर्वांत मोठं केलं, आणि उत्तरेकडच्या अनेक लढाया खोलेश्वराने लढल्या. तो मुद्गल गोत्राचा ब्राह्मण होता. पोथी सोडून तलवार हाती घेणारे त्या काळात होते, पण इतकी मजल मारणारे थोडेच. खानदेश, विदर्भ आणि गुजरात ही त्याची मैदानं. अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव आंबे. याच गावात त्याने आपल्या सत्तेच्या खुणा ठेवल्या. शके 1150, म्हणजे 1228 चा इथला शिलालेख त्याच्याच काळातला. अमरावती जिल्ह्यातल्या खोलापूरचं नावही त्याच्याशी जोडलं जातं.

मुलाचं काय झालं?

गुजरातशी यादवांचा झगडा काही एका मोहिमेत मिटला नाही. सिंघण आणि लवणप्रसाद यांच्यातल्या तहाचा मसुदा ‘लेखपद्धती’ या गुजराती दस्तऐवज-संग्रहात नमुना म्हणून आला आहे. त्यावर विक्रम संवत 1288, म्हणजे 1231 च्या सुमाराची तारीख आहे. तह कागदावरच राहिला असावा, कारण पुढे पुन्हा फौज निघाली. या वेळी नेतृत्व खोलेश्वराचा मुलगा राम याच्याकडे होतं. नर्मदेच्या काठी तुंबळ लढाई झाली. रामाने शत्रूची मोठी हानी केली, पण तो स्वतः मात्र परतला नाही.

मग मंदिर कोणी बांधलं?

रामाची बहीण, खोलेश्वराची लेक लक्ष्मी हिने. भावाच्या स्मरणार्थ तिने आंबे इथे विष्णूचं मंदिर उभारलं आणि देवाला भावाचंच नाव दिलं, रामनारायण. शके 1162 म्हणजे 1240 च्या लेखात ही नोंद आहे. रामाचा शेवट आपल्याला कळतो तो याच लेखातून. सेनापतींच्या विजयांची वर्णनं दरबारी कवी करतातच. हरलेल्या लढाईत पडलेल्या भावासाठी दगडावर अक्षरं कोरून घेणारी बहीण मात्र मराठवाड्याच्या शिलालेखांत विरळाच.

अंबाजोगाईला जाणारे बहुतेक जण योगेश्वरीचं दर्शन घेऊन परततात. थोडा वेळ काढून खोलेश्वराच्या मंदिराकडेही वळा.